झाडू फिरेस्तोवर

बोरीवली, ९ जानेवारी २०२५

ऋतिका, पोरी,

आधी बाळाची पापी, मग तुझी विचारपूस. आजोबा झाल्यावर क्रम बदलतो, रुसू नकोस. फोन न करता ईमेल लिहितोय, कारण कानातलं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं आणि मी भलत्यालाच 'हो हो' म्हणून बसतो. परवा तुझ्या सासूबाईंना मी कशाला होकार दिला, ते अजून मला कळलेलं नाही. मुलुंडला यायचं कबूल करून बसलोय की काय, तूच सांग.

आता मुद्दा. मंडळाच्या रुग्णवाहिकेच्या ऑफिसात वाईट झालंय.

तू कॉलेजात असताना लिहून दिलेल्या प्रोग्रामवरच आमचा सगळा गाडा अजून चालतो. फोन आला की मालनवहिनी पडद्यावर एक कार्ड उघडतात, नाव-पत्ता भरतात, 'गाडी पाठवा' दाबतात आणि सीतारामच्या मोबाइलवर निरोप जातो. सीताराम म्हणजे आपला ड्रायव्हर, तू गेल्यानंतर आला. गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी कांदिवलीहून फोन आला. मधुकर पेडणेकर नावाचे गृहस्थ, छातीत कळ. वहिनी म्हणतात, फोन ठेवायच्या आत बटण दाबलं. सीताराम म्हणतो, निरोप आला तो फार उशिरा. गाडी पोचली तोवर घरच्यांनी पेडणेकरांना रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं होतं. माणूस वाचला, देवाची कृपा. पण दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, नीलाबाई, ऑफिसात आली आणि तिनं जे तोंड सोडलं! तिला कोण नावं ठेवील? जिच्या दारात आग, तिनं काय वाऱ्याची दिशा बघत बसायचं?

वाईट पुढंच आहे. आपले सेक्रेटरी शरच्चंद्रराव, बँकेतनं रिटायर झालेले, स्वभावानं वाईट नाहीत. पण बाईला गप्प कसं करावं सुचेना, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "दुपारची वेळ, आमच्या बाईंचं वय झालंय. डोळा लागला असेल."

वहिनी एवढंच म्हणाल्या, "माका झोप लागूक नव्हती." पाण्याची बाटली उचलली आणि घरी गेल्या. त्यांच्या जागी आता ऑफिसातला पोरगा, नितेश, दिवसभर बसतो. तुला आठवत असेल, आमच्या खालच्याच खोलीत वहिनी राहतात. नवरा गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. त्या खुर्चीत त्यांचा दिवस जायचा. आता दार लावून बसतात. मी काल गेलो तर म्हणाल्या, "भावोजी, चाळीत काय बोलतत माझ्याबद्दल?" मी म्हटलं, काही नाही. खोटं बोललो. बोलतात.

ऋतिका, मला वाटतं मशीन मध्येच आडवं पडतं. मी स्वतः पाहिलंय. पडदा थिजतो, चक्र गरगरत राहतं, मग जागा होतो. वहिनी नव्हे, मशीन झोपलं होतं, हे कसं दाखवायचं?

बाळ रडत असेल तर आधी बाळ.

तुझा
दत्तामामा


मुलुंड, ११ जानेवारी २०२५

मामा,

बाळ झोपलंय, मी एका हातानं टाइप करतेय, चुका पोटात घाल. तू सासूबाईंना संक्रांतीला जेवायला येतो म्हणाला होतास. वाट बघतायत.

मालनकाकीचं वाचून फार वाईट वाटलं यार. सबमिशनच्या दिवसांत मला तिनंच चहा पाजून जागं ठेवलंय. ती झोपेल?

मशीन थिजतं त्याचं एक कारण असू शकतं. सोपं करून सांगते. प्रोग्राम चालतो तेव्हा तो मेमरीत सतत नव्या वस्तू मांडत असतो. कार्ड, नाव, फोनचं रेकॉर्डिंग, गाडी कुठून कुठे गेली त्याची खूण, सगळं. काम झालं की त्या वस्तू कुणी उचलायच्या? आपला प्रोग्राम जावा या भाषेत आहे आणि जावाच्या घरात साफसफाई करणारा आपोआप फिरतो. गार्बेज कलेक्टर म्हणतात. तो बघतो, ही वस्तू प्रोग्रामच्या कुठल्या भागानं अजून धरून ठेवलीय का? धरली असेल तर हात लावत नाही. कुणीच धरलेली नसेल तर काढून टाकतो.

एरवी हे पापणी लवायच्या आत होतं. पण घर गच्च भरलं की तो मोठी सफाई काढतो, आणि ती होईपर्यंत बाकी सगळ्यांनी थांबायचं. बटण दाबलंस तरी थांबायचं. आपलं मशीन जुनं, मेमरी थोडी. तिथे हे थांबणं चांगलंच लांबू शकतं.

वाईट बातमी: त्या मंगळवारी काय झालं, ते आता कळणार नाही. सफाईवर नजर ठेवायची सोय जावात असते, ती मी तेव्हा चालूच केली नव्हती. गेलं ते गेलं. पण यापुढचं बघता येईल. सोबत एक छोटा प्रोग्राम पाठवतेय, तो नितेशकडून ऑफिसच्या मशीनवर चढवून घे. तुझ्या लॅपटॉपवर एक रेघ दिसेल. मेमरी किती भरली, ती रेघ. सफाई कधी झाली आणि किती वेळ सगळं थांबलं, ते खाली येईल. रोज बघ आणि चित्र मला पाठव.

आणि काकीला सांग, मी विचारत होते.

ऋतिका


बोरीवली, १७ जानेवारी २०२५

ऋतिका,

तुझ्या सासूबाईंच्या हातची गुळपोळी अजून जिभेवर आहे. बाळानं माझं कानातलं यंत्र ओढलं, तेव्हा पहिल्यांदा त्या यंत्राचा कुणाला तरी उपयोग झाला.

तुझं रेघेचं दुकान मांडलं. नितेशनं पटकन बसवून दिलं, मी ऑफिसच्या कोपऱ्यात स्टूल टाकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. पहिल्या दिवशी माझी जी घाबरगुंडी उडाली! रेघ हळूहळू चढत गेली, चढत गेली, आणि एकदम धाडकन खाली. मी ओरडलो, "नितेश, वाट लागली, मशीन गेलं!" तो बिचारा फोनवर पत्ता घेत होता, दचकून त्यानं दहिसरचं दादर लिहिलं. पुन्हा रेघ चढली, पुन्हा पडली. दिवसभर माझा जीव तिच्याबरोबर खालीवर.

मग तुझं पत्र परत वाचलं तेव्हा टाळक्यात उजेड पडला. हे म्हणजे आमच्या आईचा झाडू. आई केर काढायला लागली की फर्मान सुटायचं, "पाय वर घ्या!" बाबा, आम्ही भावंडं, आलागेला पाहुणा, सगळे पाय वर घेऊन बसायचे. झाडू फिरेस्तोवर कुणी हलायचं नाही, कुणी पाणीसुद्धा मागायचं नाही. आणि ज्याच्या हातात जे आहे ते आई उचलायची नाही. जमिनीवर बेवारशी पडलंय ते सुपात. बरोबर ना? मी मिलमध्ये असताना रेडिओ दुरुस्ती अशीच शिकलो, घरातलं काहीतरी डोळ्यासमोर आणून. मिल गेली, रेडिओ गेले, सवय राहिली.

पण पोरी, आपला डाव उलटा पडतोय. नितेश बसल्यापासून पडदा एकदाही थिजला नाही. झाडू येतो, फिरतो, जातो, कुणाला पत्ता नाही. शरच्चंद्रराव येता-जाता माझ्या मांडीवर नजर टाकतात. काल म्हणाले, "दत्ताराम, बाई गेल्या आणि मशीन ठणठणीत. मी आणखी काय बोलू?" वहिनींची बाजू मांडायला बसलो होतो आणि मशीनच वहिनींच्या विरुद्ध साक्ष द्यायला लागलं.

शरच्चंद्ररावांनी ऑफिसही आवरलंय. वहिनी गेल्या त्याच संध्याकाळी त्यांची पडद्यावर उघडी राहिलेली सगळी कार्डं त्यांनी मिटवून टाकली, "केवढा हा पसारा!" म्हणत.

वहिनी अजून दार उघडत नाहीत. मी रोज वर्तमानपत्र दारात सरकवतो, संध्याकाळी ते आत गेलेलं असतं. एवढंच.

तुझा
दत्तामामा


मुलुंड, १८ जानेवारी २०२५

मामा,

झाडूचं एकदम झकास. आमच्या ऑफिसात नव्या मुलांना मी आता हेच सांगणार आहे.

पण रेघ पडली की घाबरू नकोस. पडणं म्हणजे केर निघाला. तू ती पडून कुठे थांबते ते बघ. रोज तेवढीच खाली येत असेल तर घर निरोगी. झाडल्यानंतरही तिचा तळ रोज थोडा-थोडा वर सरकत असेल, तर कुणीतरी वस्तू धरून बसलंय आणि सोडत नाही.

आणि तू शेवटी सहज लिहिलंस तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काकीची कार्डं मिटवली? किती उघडी होती? शरच्चंद्रकाकांना विचार. मग मशीन ठणठणीत होणारच मामा, त्यांनी आपल्या हातानं घर रिकामं केलंय! त्यावरून काकी झोपली होती हे कुठं सिद्ध होतं?

आता एकच मार्ग आहे. काकीनं खुर्चीत बसायचं, नेहमीसारखं काम करायचं, आणि आपण रेघ बघायची. जे काय व्हायचं ते पुन्हा होऊ दे, फक्त या वेळी आपण बघत असू. धोका नको म्हणून नितेशनं शेजारी बसून प्रत्येक कॉलला सीतारामला स्वतः फोन लावायचा.

काकीला राजी करणं तुझं काम. मी तिथे असते तर दारातच बसकण मारली असती.

ऋतिका


बोरीवली, २९ जानेवारी २०२५

ऋतिका,

उशीर झाला खरा. माणसाला राजी करणं म्हणजे काय बटण दाबणं आहे?

शरच्चंद्ररावांकडे आधी गेलो. वाटलं होतं उडवून लावतील. चष्मा पुसत म्हणाले, "बसू दे त्यांना. मलाही बरं वाटत नाहीये, दत्ताराम. पण पुन्हा काही झालं तर त्या नीलाबाईंसमोर तू उभा राहा." मी म्हटलं, राहीन.

मग वहिनी. दार उघडलं एकदाचं. कुळीथ निवडत बसल्या होत्या.

"माका परीक्षेक बसवतास ह्या वयात?"

"परीक्षा मशीनची, वहिनी."

"मगे मशीनीक बसवा खुर्चीत."

मी सूप पुढं ओढलं आणि कुळीथ निवडायला लागलो. काय करणार, तोंडाला कुलूप लागलं की हात चालवायचे. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून बाकी आहे, ठाऊक आहे ना तुला? खडे चांगल्या कुळथात जात होते. सूप काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यान ह्यां होवचा नाय. येतंय मी. कधीपासून?"

तर आल्या. पहिल्या दिवशी ऑफिसात शिरताना पदर डोक्यावरनं घट्ट ओढून आल्या, जसं काही कुणाच्या मयताला आल्या आहेत. पहिला फोन वाजला आणि पदर कुठल्या कुठे! "हां, बोला. घाबरू नका. पत्ता सांगा, खूण सांगा. दार उघडं ठेवा. कुत्रा असेल तर बांधा." तोच आवाज. नितेश शेजारी बसून सीतारामला फोन लावतो. सीताराम म्हणतो, "मालनमामी आल्या, आता गाडीत डिझेल नसलं तरी चालेल."

सोबत रेघेची चित्रं पाठवलीत. सगळं उत्तम आहे. काळजी नसावी. आता तू बाळाकडे बघ. त्याला दात येतायत म्हणालीस, वावडिंग उगाळून लावतात की काय ते सासूबाईंना विचार.

तुझा
दत्तामामा


मुलुंड, ३० जानेवारी २०२५

मामा,

तू पाठवलेली सगळी चित्रं सकाळची आहेत. ऑफिस उघडल्या-उघडल्याची. दुपारची कुठायत?

आणि तू 'काळजी नसावी' असं लिहिलंयस. तू आयुष्यात कधी मला असं लिहिलेलं नाहीस. आईच्या आजारपणात एकदा लिहिलं होतंस, तेवढंच.

काय लपवतोयस?

ऋतिका


बोरीवली, २ फेब्रुवारी २०२५

ऋतिका,

पकडलंस. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी गत झाली माझी.

दुपारची चित्रं पाठवतोय. बघ. झाडू फिरतो, पण तळ रोज वर सरकतोय. चाळीतल्या हौदासारखं, रोज उपसायचं आणि रोज कालच्यापेक्षा वर पाणी. पाय वर घेण्याचा वेळही रोज वाढतोय. आणि ते का, हेही मला कळलंय. म्हणून लपवलं.

वहिनी कार्ड मिटवत नाहीत. नितेश गाडी पोचली की मिटवतो. वहिनींच्या पडद्यावर कार्डांची ही रांग. मी परवा जवळ बसून विचारलं, "वहिनी, ही उघडी का ठेवलीत?"

"मिटवायची कशी? डहाणूकरवाडीतली बाळंतीण घरी इली की नाय, माका ठाव नाय अजून. तो अशोकवनातला म्हातारो, त्याची लेक फोन उचलत नाय. फोन करतंय, घरी पोचलो असा कळला की मगे मिटवतंय."

"आधी मिटवून मग फोन केलात तर?"

"नंबर खंय मगे? तुमच्या पोरीच्या मशीनीत मिटलेला पान परत उघडूक येत नाय. गेला तो गेला."

मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो कांदिवलीचो माणूस. पेडणेकर. त्याचा कार्ड शरच्चंद्रभाऊंनी मिटवल्यानी. तो घरी इलो की नाय, ह्यां माका कोणी सांगूक नाय."

पोरी, मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. म्हणजे झालं काय? चांगुलपणानंच मशीन गच्च भरलं. आता हे शरच्चंद्ररावांना दाखवलं तर ते काय म्हणतील? "बघा, शेवटी बाईंमुळेच." वहिनी एकदा झोपाळू ठरल्या, आता मशीन बिघडवणाऱ्या ठरतील. कुणाच्या तोंडाला हात लावणार?

तेव्हा मामाचं ऐक. तू तिकडून गुपचूप प्रोग्राम दुरुस्त कर. कुणाला काही बोलायचं नाही. सगळं गोडीगुलाबीनं मिटेल.

तुझा
दत्तामामा


मुलुंड, ३ फेब्रुवारी २०२५

मामा,

रागावू नकोस, पण गुपचूप नाही.

गुपचूप दुरुस्त केलं तर मशीन सुधारेल आणि काकी लोकांच्या लेखी कायमची झोपलेली राहील. तुला हे हवंय?

आणि चूक काकीची नाहीच आहे रे. मी कार्डाला 'गाडी पाठवा' सोडून दोनच बटणं दिली. चालू आणि बंद. उघडं असेल तोवर रेकॉर्डिंग, गाडीची खूण, सगळं मेमरीत धरून ठेवायचं. कुणाचा कॉल हरवू नये म्हणून मशीन बंद करून चालू केलं तरी उघडी कार्डं पुन्हा मेमरीत ओढून आणायची. आणि बंद केलं की डेस्कवरून दिसेनासं. तेव्हा वाटायचं, रुग्ण हॉस्पिटलात पोचला की काम संपलं. नंतर कुणी विचारणारं असेल, हे डोक्यातच आलं नाही. काकीला जे करायचं होतं त्याला माझ्या प्रोग्राममध्ये जागाच नव्हती, म्हणून तिनं जी जागा सापडली तिथे ते केलं. झाडूवाला बिचारा काय करेल? तू म्हणालास तसं, हातात धरलेलं तो उचलत नाही.

तू कार्डं मिटवल्याचं लिहिलंस तेव्हाच मला अंदाज आला होता. लिहिलं नाही. वाटलं, बघू, दुसरंच काही निघालं तर बरं.

मी तिसरं बटण करतेय. 'विचारपूस बाकी'. ते दाबलं की जड सामान डिस्कवर जाईल, मेमरी मोकळी, आणि नाव आणि नंबर बाजूच्या यादीत राहील, काकीला हवं तितके दिवस. रविवारी नितेश चढवेल.

तोवर एक काम कर. एका दुपारी शरच्चंद्रकाकांना काकीच्या मागं उभं कर. काही समजावून सांगू नकोस. चहा दे आणि उभं कर. सीतारामला नितेशचा फोन जातोच, त्यामुळे कुणाचं नुकसान नाही. त्यांनी डोळ्यांनी बघू दे.

बाळाचा पहिला दात आला. वावडिंग लावलं नाही.

ऋतिका


बोरीवली, १० फेब्रुवारी २०२५

ऋतिका,

सांगतो, सगळं सांगतो. या वेळी सकाळचं, दुपारचं, दोन्ही.

शुक्रवारी दुपारी शरच्चंद्ररावांना चहा दिला आणि तू सांगितल्यासारखं वहिनींच्या खुर्चीमागं उभं केलं. म्हटलं, जरा रेघ समजावून घ्यायचीय तुमच्याकडनं, तुम्ही बँकेतले. ते खूश. रेघ छताला टेकायला आली होती. फोन वाजला. गोराईतली म्हातारी, घरात पडली, उठता येत नाही. वहिनींनी पत्ता घेतला, कार्ड भरलं, बटण दाबलं.

पडदा थिजला.

वहिनींनी हात मागं घेतला. नितेशनं सीतारामला फोन लावला, तो निघालाही. पण शरच्चंद्ररावांना ते कुठं दिसतंय? त्यांची नजर पडद्यावर. "बाई, दाबा ना!"

"दाबला."

"अहो, दाबा!"

"दाबला, म्हणतंय ना!"

मग त्यांनी चहाचा कप माझ्या हातात कोंबला, वहिनींच्या खांद्यावरून वाकले आणि स्वतः माउस धरला. टकटक, टकटक. पडदा ढिम्म. पुन्हा टकटक. माउस उचलून आपटला. चक्र आपलं गरगर. बँकेत इतकी वर्षं लोकांना 'सिस्टिम स्लो आहे' सांगितलेला माणूस, त्याच्या कपाळावर घाम. आणि मग, आपल्या मर्जीनं, झाडू फिरून झाला आणि पडदा जागा झाला. त्यांच्या सगळ्या टकटकी एकामागून एक पडल्या आणि सीतारामच्या मोबाइलवर त्याच म्हातारीचे निरोपावर निरोप गेले. त्यानं फोन करून विचारलं, "साहेब, गोराईत किती म्हाताऱ्या पडल्यात?"

कुणी हसलं नाही. शरच्चंद्ररावांचा हात माउसवरच होता. वहिनी खुर्चीत बसलेल्या, ताठ, समोर बघत.

मी मग सगळं सांगितलं. कार्डांचंही. लपवलं नाही, तुझी शपथ. मला वाटलं आता म्हणतील ते, ज्याची मला धास्ती होती. पण म्हणाले, "बाई, तुम्ही प्रत्येकाला फोन करता?" वहिनी म्हणाल्या, "करूक नको?" त्यावर ते बाहेर निघून गेले.

रविवारी नितेशनं तुझं नवं चढवलं. वहिनींनी एकेका कार्डावर तिसरं बटण दाबलं, दर खेपेला आधी बाजूच्या यादीत नाव आलं की नाही ते बघून. रेघ जी खाली बसली ती आज संध्याकाळपर्यंत गुणी पोरासारखी तळाशी टेकून आहे. झाडू येतो-जातो, कुणी पाय उचलायच्या आत.

आता आजचं सांगतो.

शरच्चंद्रराव सकाळी लवकर आले. इस्त्रीचा शर्ट. वहिनी आल्या तर हे उभे राहिले, घसा खाकरला. "मालनताई, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोललो, त्याबद्दल..."

वहिनींनी हात वर केला. "माका सांगू नकात. मी जागी होतंय, ह्यां माका ठाव आसा. जेका ठाव नाय तेका सांगा."

त्यांना कळेना. मला कळलं. मी म्हटलं, "पेडणेकरांच्या घरी."

नंबर शरच्चंद्ररावांकडे होता, नीलाबाईंनी तक्रार करताना दिलेला. डेस्कच्या फोनची वायर आखूड, तेव्हा हे वहिनींच्या खुर्चीत बसले आणि फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकू आलं.

"नीलाबाई, मी मंडळातून बोलतोय. त्या दिवशी आमच्या बाई झोपल्या नव्हत्या. त्यांनी लगेच गाडी पाठवली होती, मशीन अडकलं. मी काही न बघता बोललो. माझी चूक झाली."

पलीकडून उत्तर आलं, "बाई असो नाहीतर मशीन. माझा नवरा रिक्षातनं गेला ना?"

खरंच बोलली ती. वहिनींनी त्यांच्या हातातनं फोन घेतला, उभ्या-उभ्याच.

"रिक्षात घातलात, तेच बरोबर केलंत. थांबला नाहीत ते बरं झालं. मी मालन, तेव्हा तुमचा फोन मीच घेतला होता. घरी आले ते?"

"...आले. महिना होत आला."

वहिनींनी डोळे मिटले. मी पाहिलं.

"जिना?"

"चढवत नाही अजून. हॉलमध्येच खाट टाकलीय."

"आणि जेवण?"

"काय सांगू! अळणी म्हणून ताट सरकवतात. भांडतात माझ्याशी."

"भांडतात ना? मग बरे आहेत. लिंबू पिळा वरनं, आंबटाला मिठाची आठवण होत नाही. आमच्या घरातही असंच होतं हो, मला सवय आहे."

मागून पुरुषाचा आवाज आला, "कोण गं?" नीलाबाई म्हणाल्या, "त्या ॲम्ब्युलन्सवाल्या बाई." मग थोड्या हळू आवाजात, फोनात, "तुम्ही तेव्हाच का नाही हो फोन केलात?"

"बसू देत नव्हते माका," वहिनी म्हणाल्या. शरच्चंद्ररावांकडे बघितलंसुद्धा नाही, टोमणा म्हणून नाही, जसं होतं तसं. "पुढच्या आठवड्यात करू?"

"करा. दुपारी करा. तेव्हा ते झोपतात, मी मोकळी असते."

वहिनींनी फोन ठेवला. एका हातानं पेडणेकरांचं नाव बाजूच्या यादीत टाईप केलं, चार अक्षरं चुकली, पुन्हा केलं. तोवर दुसरी लाईन वाजायला लागली होती. शरच्चंद्रराव अजून तिथेच, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले.

"उठा आता," वहिनी म्हणाल्या. "माका बसूक होया."

ते उठले.

बाळाच्या दाताला मामाआजोबाचा आशीर्वाद. वावडिंग न लावल्याबद्दल तुझा राग आलेला नाही.

तुझा
दत्तामामा